मन्मथआप्पानं घराला धाव चढवली

आमच्या गल्लीतले मन्मथआप्पा कुणाच्याबी घरी गेले की आधी माणसाला न्हाई, भिंतीला शरणार्थ करायचे, म्हंजी आमच्या लिंगायतांचा रामराम. चप्पल काढली की घरवाल्याकडं पाठ आन् भिंतीकडं तोंड. बोटाच्या पेरानं ठक ठक वाजवायचं आन् मंग कान लावून उभं राहायचं. घरवाला "या आप्पा, बसा आप्पा" करून करून बेजार, यांचं ध्यानच न्हाई. डाक्टर छातीला नळी लावून "खोक" म्हणतो ना, अगदी तसं. भिंत तेवढी खोकत नव्हती.

माझ्या सोयरिकीला मी यांनाच संगं नेलं व्हतं. चार माणसांत बोलणारा कुणी पाहिजे म्हणून. पोरगी पोहे घेऊन आली, मी मान खाली घालून चोरून बघून राहिलो, आन् आप्पा कोपऱ्यात भिंतीला कान लावून उभे. सासरा घाबरला. म्हणला, "पाव्हनं काय ऐकून राहिले?"

आप्पा वळले. "पोरगी झकास हाय. उत्तरंची भिंत पोकळ हाय."

सासरा म्हणला, "मंग उत्तरंची भिंत ठिवून घेतो आमी. पोरगी न्या."

म्होरं ती भिंत खरंच पडली. तवा माझी बायको सखू म्हणली, "तुमच्या आप्पाला भिंतीतलं लई कळतं. माणसातलं कळलं असतं तर तुमच्या संगं आलेच नसते."

आता मी कोण, ते सांगून टाकतो, लई येळ लागत न्हाई. मला दिग्या म्हणतात. शाळेत मी एकदाच गेलो, शाळंची कौलं शाकारायला. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं. मागं दगडी माळ, म्होरं कोरडा वढा, मधी आमी. लातूर नवा जिल्हा झाला तवा गावात पेढे वाटले. मीबी खाल्ले. कशाचे ते मागून कळलं. जिल्हा झाला म्हंजी साहेब आले, साहेबाला हापिसं लागली, हापिसाला रस्ते लागले, रस्त्याला खडी लागली, आन् खडी निघाली आमच्या माळाखाली. जिल्हा तिकडं झाला, हादरे इकडं बसून राहिले.

पर कुणी तक्रार करंना. त्याच टायमाला पावसानं पाठ फिरवली व्हती. हिरी आटल्या, बैलं बाजारात गेली, गाड्या दारात नुसत्या जू टेकून बसल्या. खदानीवर काम तरी मिळत व्हतं. मीबी गेलो. मुकादमानं हातात घण दिला, तो माझ्या पायावर पडला. मंग पहार दिली, ती मुकादमाच्या पायावर पडली. मंग त्यानं मला लाल फडकं आन् शिट्टी दिली. म्हणला, "गावाच्या तोंडाला जाऊन उभा राहा. खदानीपासनं जितका लांब राहशील तितकं खदानीचं भलं हाय."

सुरुंग भरला की मी शिट्टी मारायची, "बार हाय, बार!" म्हणून बोंबलायचं, माणसं-जनावरं थांबवायची. बार उडाला की पळत जाऊन सांगायचं, कुणाला लागलं न्हाई म्हणून. हे एवढं काम. त्या कामाचा मला लई गर्व व्हता. वाटायचं, मी शिट्टी मारली म्हणून डोंगर फुटतो.

आन् माझी उभं राहायची जागा आप्पाच्या अंगणाला लागूनच. गल्लीचं शेवटचं घर त्यांचं. म्होरल्या अंगाला किराणा दुकान, मागं राहायचं. दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीचं सपाट माळवद. त्या घरात माणसं दोनच, आप्पा आन् आव्वा. आव्वाचे डोळे गेले व्हते, कैक सालं झाली त्याला. पोरबाळ न्हाई.

बार उडायच्या टायमाला आप्पा दुकानाच्या उंबऱ्यावर पितळी ताट ठिवायचे, आन् त्यात पाणी वतायचे. पाणी! गावात टँकरवर बाया घागरीनं एकमेकींची डोकी फोडून राहिल्या, आन् हा माणूस ताटात पाणी घेऊन बसतो. बार उडाला की पाण्यात गोल गोल लहरी उठायच्या. आप्पा डोळे बारीक करून बघायचे, मंग म्हणायचे, "आज जरा कमी हाय," न्हाईतर "आज आतपातूर गेला."

सखू एकदा तावातावानं गेली. "आप्पा, माणसाला प्यायला न्हाई, आन् तुमी भिंतीला पाणी पाजून राहिले?"

"भिंतीला न्हाई गं. हादऱ्याला."

"आन् मंग त्या पाण्याचं काय करता?"

"ज्याचं हाय त्याला देतो," म्हणले.

आमाला वाटलं, लिंगपूजेला घेत असतील. आप्पाच्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पूजेबिगर तोंडात घास न्हाई. देवाचं पाणी म्हणल्यावर सखूबी गप बसली. मला काय, बार उडाला की मी खदानीकडं पळालेला असायचो. म्होरलं मी कवाच बघितलं न्हाई.

आमच्याकडच्या भिंती दिसतात जाड, पर ते सगळं सोंग हाय. दोन पदर असतात, एक आतला, एक भायेरचा, आन् मधी खडेमातीचं भरताड. दोन्ही पदराला धरणारा दगडच न्हाई. रोज हादरा बसला की मधलं भरताड खाली बसतं, आन् भायेरचा पदर फुगत जातो. त्याला आमी म्हणतो भिंतीला पोट सुटलं. आप्पाच्या उगवतीकडच्या भिंतीला असं पोट सुटलं व्हतं. आप्पा येताजाता त्या पोटावर थाप मारायचे आन् म्हणायचे, "पोट आत घे! आत घे पोट!" पुढं पुढं त्यांची खोडच झाली. गिऱ्हाईक आलं, "पोट आत घे." सरपंच आला, "पोट आत घे." सरपंचानं घेतलंबी.

आधी त्यांनी माळवदावरची माती उतरवायचं काढलं. बाप-आज्यांनी दर साली गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा थर दिलेला, थरावर थर, हातभर जाड झालेला. आप्पा म्हणले, "एवढं डोक्यावर घेऊन कोण उभं राहील? जरा हलकं करू." मला मदतीला बोलावलं. मी वर चढलो, मोठ्या जोरात खोरं मारलं, आन् कुजक्या फळीतनं थेट खाली. आव्वा चुलीम्होरं बसली व्हती. मी धप्पकन तिच्या बाजूला. आव्वानं हात पुढं करून माझं तोंड चाचपलं, म्हणली, "दिग्या व्हय? बस. भाकर झालीच हाय."

वरून आप्पा वरडले, "दिग्या, भिंतीला लागलं न्हाई ना?"

मला लागलं का, ते आजपातूर विचारलं न्हाई.

मंग त्यांनी लांब दगड आणले खदानीतनं, माझ्याच डोक्यावर. भायेरनं भिंतीत भोक पाडायचं, आरपार दगड घालायचा, म्हंजी दोन्ही पदर शिवल्यासारखे धरले जातात. एका टायमाला एकच भोक. त्यात बी आतल्या अंगाला दगड एक बोटबी भायेर आला न्हाई पाहिजे, यावरनं माझा जीव खाल्ला. मी म्हणलं, "आला थोडा भायेर तर काय बिघडलं?"

"तिच्या हाताला लागंल," म्हणले. "तिनं वळखायची न्हाई."

तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आव्वा त्या घरात फिरायची ती भिंतीवर हात ठिवून. कुठं कोनाडा, कुठं खुंटी, कुठं पोपडा निघालेला खड्डा, समदं तिच्या तळव्याला पाठ. खड्डा आला की म्होरं चूल, खुंटी आली की दार. मुकादम घर सोडणाऱ्याला वढ्याच्या पल्याड जागा आन् टिनाचे पत्रे देऊन राहिला व्हता. कैक जणांनी घेतले. आप्पाला म्हणलं तर अंगावर यायचे. गाव म्हणायचं, म्हातारा हेकट हाय. आप्पा मला म्हणले, "पत्र्याच्या घरात कशावर हात ठिवंल ती? एकदा डोळे गेले तिचे. ही भिंत गेली म्हंजी दुसऱ्यांदा गेले."

आन् हे सांगून लगीच म्हणले, "पोट आत घे. दगड उचल."

ती पोट सुटलेली भिंत मातूर ऐकंना. त्यात मीच खबर आणली. मुकादम म्हणला व्हता, म्होरच्या बाजारानंतर गावच्या अंगाचा कडा उडवायचा, मोठा बार हाय. आप्पा ताटाकडं बघत बसले. मंग एकदम उठले आन् माझ्या दारातल्या गाडीकडं गेले. चाकावर हात फिरवून म्हणले, "दिग्या, ह्या चाकाचे आरे अजून का पांगले न्हाईत?"

"धाव हाय ना भायेरनं. लोखंडाची."

"मंग घराला का नसावी?"

मी हसलो. आप्पा हसले न्हाईत.

गावात बैल न्हाईत तर चाकं कशाला पाहिजेत? आप्पानं घरोघर जाऊन धावा मागितल्या. लोक म्हणले, न्या आप्पा, पाऊस पडला की परत द्या. करीमचाचा लोहारानं त्या तोडल्या, सरळ केल्या, एकीला एक रिबीट मारून लांब पट्टा केला. दाराच्या चौकटीच्या वरून घराला गुंडाळायचा, एका अंगाला तापवायचा, तापून लांबला की पाचर ठोकायची, आन् चाकावर चढवतात तसं पाणी मारून आवळायचा. करीमचाचा म्हणला, "एक घागर पानी लगता, आप्पा. पानी नहीं तो काम नक्को."

पाण्यावर येऊन गाडं अडलं. आव्वाच्या वाटणीचं पाणी आप्पा हात लावू देईनात. मंग स्वतःची आंघोळ बंद केली. दाढी बंद. तांब्याच्या जागी वाटी. पूजेला दोन थेंब. असं वाटी वाटी वाचवून घागरीत टाकून राहिले. दुकानात गिऱ्हाईक वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं. मी म्हणलं, "आप्पा, ताटातलं पाणी रोज घालवता, तेच घाला की घागरीत."

"ते न्हाई घालायचं," म्हणले. बास.

बाजार झाला. घागर काठोकाठ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी समदी गल्ली जमली. पट्टा घराभोवती गुंडाळला. तापवायला भट्टी उंच पाहिजे, म्हणून दोन पिपांवर खाट ठिवली, खाटंवर मातीचा थर आन् त्यावर शेण्या. खाट माझी. मातीचा थर देणारा बी मीच. हे ध्यानात ठिवा.

लोखंड लाल झालं. करीमचाचानं पाचर ठोकली. आप्पा घागर उचलून उभे, वतणार एवढ्यात करीमचाचा पट्ट्याकडं बघत म्हणला, "ठहरो, आप्पा. ये लकडा हय क्या?"

"म्हंजी?"

"पानी कायकू डालते चाक पे? लकडा जलना नक्को करके. ये तो पत्थर हय. ये क्या जलता?" चाचानं कपाळावर हात मारला. "थंडा हुआ तो खुद कसता. पानी मारे तो उल्टा पत्थर तडकता. मेरी अकल भी चाक के साथ गोल हो गई."

इतके दिवस समद्या गावानं तोंड वाकडं करून आप्पाचा वास घेतला व्हता, आन् पाणी लागतच नव्हतं. आमी कवा बिनपाण्याची धाव बघितलीच नव्हती, मंग सुचणार कसं? आप्पानं घागर हळूच खाली ठिवली. पट्टा काळा पडत गेला, तसा भिंतीतनं कर्र कर्र आवाज आला. आप्पानं कान लावला. पोटावर हात फिरवला.

"घेतलं," म्हणले. "घेतलं बाईनं आत."

सखूची नजर मातूर घागरीवर. "आप्पा, आता त्या पाण्याचं काय?"

"बघू," म्हणले. माणसं पांगली.

दुपारची शिट्टी मी मारली. रोजचाच बार उडाला, पाय हादरले, पट्टा झणझणला, भिंत उभी. आता मी पळायचं खदानीकडं. पर मागच्या अंगाला धूर दिसला. मी दिलेला मातीचा थर पातळ झाला व्हता आन् माझी खाट पेटली व्हती. मी ती पायानं इझवत बसलो, म्हणून त्या दिवशी राहिलो. न्हाईतर मला कधीच कळलं नसतं.

आतनं आव्वाचा आवाज आला, "आवो, आभाळ गरजलं व्हय?"

"हाव," आप्पा म्हणले. "वरल्या अंगाला पडून राहिला. येतोय इकडं."

आव्वा भिंतीला हात लावत लावत लगबगीनं भायेर आली. दोरीवरची वाकळ चाचपून काढली, छातीशी धरली, आत टाकली. मी खाटेमागं वाकून बघून राहिलो. वर ऊन असं, की माळावर कावळा दिसंना. आन् आप्पा घागर खांद्यावर घेऊन जिन्यानं माळवदावर चढून राहिले व्हते. ज्या माणसानं तीस घरात भिंतीला कान लावला, त्याला तवा मी बघतोय ते बी कळलं न्हाई. वर गेले, पन्हाळीजवळ बसले, आन् घागर वाकडी केली. थोडं. मंग आणखी थोडं.

पन्हाळीतनं पाणी अंगणात पडाय लागलं. किती दिवसांनी त्या पन्हाळीनं तोंड उघडलं व्हतं.

आव्वानं तळवा पुढं केला. तोंडावरनं हात फिरवला. आन् मोठ्यानं म्हणली, वरपातूर जाईल असं, "लई पडून राहिला व्हो आज!"

मंग खाली बसली, ओट्याखालनं परात वढली आन् नेमकी धारंखाली सरकवली. मी पाय न वाजवता उभा. तिनं मान माझ्याकडं वळवली.

"दिग्या, जळक्या खाटंचा वास येऊन राहिला. तूच असशील."

मी म्हणलं, "हाव, आव्वा."

"बोलू नको काही त्यांना." आवाज एकदम बारीक केला तिनं. "आभाळ कुठं रोज भाकरीच्या टायमाला गरजतं व्हय रे? आधी शिट्टी वाजवून? मला समदं ठाव हाय. रोज ताटातलं पाणी शिंपतात अंगणात, मातीचा वास यावा म्हणून. म्हणतात, दोन थेंब पडले. मी म्हणते, पडले. त्यांना वाटतं, पाऊस न्हाई म्हणल्यावर मी हाय खाईन." पन्हाळीची धार बारीक झाली. तिनं परात माझ्याकडं ढकलली. "ने, सखूला दे. पावसाचं हाय म्हण."

वरून आप्पानं इचारलं, "थांबला का गं?"

"थांबला. उतरा हळू. निसरडं झालं असंल."

परात घेऊन मी घरी गेलो. सखू म्हणली, कुठलं? मी म्हणलं, पावसाचं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मोठा बार उडाला त्या दिवशी मी शिट्टी इतक्या जोरात मारली की माझाच कान बसला. आप्पाची भिंत हलली न्हाई. आमच्या घराची एक भिंत मातूर आडवी झाली. आप्पानं आधीच सांगितलं व्हतं, पोट सुटलंय, आरपार दगड घाल. मी म्हणलं व्हतं, करू निवांत. आत कुणी नव्हतं, सखूचं जातं दबलं तेवढं. ते मला अजून ऐकावं लागतं. आता आमी वढ्याच्या पल्याड पत्र्यात राहतो. बार झाला की पत्रे तासभर गाणं म्हणतात.

थंडीत आव्वाला ताप आला. तो उतरला न्हाई. तिला मातीला बसवून नेलं, आमच्याकडं लिंगायतांत बसवूनच नेतात. दारातनं भायेर काढताना आप्पानं तिचा तळवा धरून उगवतीच्या भिंतीवर ठिवला. कोनाड्यापासनं खुंटीपातूर नेला. मंग सोडला. रडले न्हाईत. पट्ट्याचा रिबीट ढिला झालाय का, ते बघत बसले.

पाऊस तवा बी नव्हता.

चार लोकांनी सांगितलं, आप्पा, आता कशाला इथं, चला पत्र्यात. आप्पा म्हणले, "उभी हाय ना भिंत." उभी व्हती. हात ठिवणारं कुणी नव्हतं.

महिना-पंधरा दिवसांनी मी दुपारी माझ्या जागेवर उभा व्हतो. आप्पानं उंबऱ्यावर पितळी ताट आणून ठिवलं. पाणी वतलं. मी शिट्टी मारली. बार उडाला, ताटात लहरी उठल्या. आप्पानं ताट उचललं, अंगणात पाणी शिंपलं, आन् मोकळ्या ओट्याकडं बघून म्हणले,

"वरल्या अंगाला पडून राहिला."

दोरीवर आव्वाची वाकळ तशीच लटकलेली.

मी तोंड उघडलं की लोक हसतात, त्याचीच सवय हाय. खदानीवर माझी वाट बघून राहिले असतील, तिकडं मुकादम शिव्या देत असंल. मी लाल फडकं काखंत मारलं, अंगणात गेलो आन् वाकळ दोरीवरनं वढून काढली. उन्हानं ती तव्यासारखी तापली व्हती.

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. ताट हातातच.

"लवकर ने आत," म्हणले. "भिजंल."